निगेटिव्ह हीच उत्तरपत्रिका

प्रति,
मा. कला संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : फिल्मवरील छायाचित्रणासाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या धर्तीवर श्रेणी परीक्षा सुरू करण्याबाबत.



आपल्या कार्यालयाचे नाव शाळकरी मुलांना ठाऊक असो वा नसो, आपल्या दोन परीक्षा त्यांना पक्क्या ठाऊक असतात : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. तालुक्याच्या शाळेत चित्रकलेला एकच शिक्षक असला तरी तो शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून घेतो आणि स्थिरचित्राचा, संकल्पचित्राचा सराव करून घेतो. कारण पुढे परीक्षा असते, बाहेरचा परीक्षक कागद तपासणार असतो आणि मिळालेली श्रेणी दहावीला उपयोगी पडणार असते. कलेचे शिक्षण गावोगाव नेण्याची इतकी स्वस्त आणि टिकाऊ रीत या राज्याजवळ आधीपासून आहे. तीच रीत आणखी एका कलेला लावावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ती कला म्हणजे फिल्मवरचे छायाचित्रण. कॅमेऱ्यात रोल भरणे, प्रकाश मोजणे, अंधारात रोल धुणे, एन्लार्जरखाली प्रिंट काढणे आणि निगेटिव्ह पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी जपणे. मी सोलापुरात छायाचित्रण शिकवते. माझ्या वर्गात येणारी बहुतेक मुले मोबाइलच्या कॅमेऱ्याबरोबर वाढलेली आहेत. तरीही दर वर्षी त्यांतली काही जण घरच्या कपाटातून निघालेला आग्फा क्लिक थ्री किंवा याशिका घेऊन येतात आणि रोल कसा भरायचा ते विचारतात. पुढचे ती व्हिडिओ पाहून शिकतात, आपसांत पैसे काढून रोल मागवतात, बाथरूमच्या दाराच्या फटी काळ्या कापडाने बुजवून रोल धुतात. त्यांच्याकडे चिकाटी आहे, हात आहेत. त्यांची निगेटिव्ह उजेडावर धरून ‘इथे चुकले, इथे साधले’ असे अधिकाराने सांगणारे मात्र कोणी नाही, आणि जे साधले त्याची नोंद कुठेच होत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि तो असायलाच हवा. उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमातही छायाचित्रण हा विषय आहे. पण फिल्म आणि डार्करूम यांचे कौशल्य म्हणून स्वतंत्र मोजमाप होत नाही. मी पाहिलेल्या कला महाविद्यालयांपैकी कित्येकांत डार्करूम बांधलेली आहे, सिंक आहे, एन्लार्जर आहे. दाराला मात्र कुलूप आहे किंवा आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या आहेत. परीक्षा नसली की तास लागत नाही, आणि तास लागला नाही की खोलीची अडगळ व्हायला वेळ लागत नाही.

या परीक्षेत नेमके काय तपासावे, हा माझ्या मागणीचा गाभा आहे. छायाचित्रणातले मानसन्मान बहुतेक ठिकाणी तयार चित्र पाहून दिले जातात. 1853 पासून चालत आलेली ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा तीन पायऱ्यांवर चित्रसंच तपासून मान देते. आपल्याकडे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी मानचिन्हे देते. नजर तपासायला ती रीत योग्य आहे. हाताचे कौशल्य तपासायचे तर निगेटिव्हच पाहावी लागेल, कारण चित्र नंतर सुधारता येते, निगेटिव्ह जशी झाली तशीच राहते. ती स्वतःच उत्तरपत्रिका असते.

हे कसे, ते एका रोलवरून सांगते. लाइट बॉक्सवर विद्यार्थिनीने धुतलेला 36 फ्रेमचा रोल आहे, सहा-सहाच्या पट्ट्या कापून लावलेला. फ्रेम पातळ आल्या आहेत. चूक कॅमेऱ्यापाशी झाली की टँकपाशी? त्यासाठी आधी फिल्मचा काठ पाहायचा. काठावरचे आकडे आणि कंपनीचे नाव कारखान्यातच प्रकाश देऊन छापलेले असते. विद्यार्थिनीच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ती अक्षरे ठसठशीत काळी असतील आणि फ्रेम पातळ असतील, तर डेव्हलपिंग बरोबर आहे, प्रकाश कमी पडला आहे. अक्षरेही फिकी असतील तर डेव्हलपर थकलेला होता, गार होता किंवा वेळ अपुरा दिला गेला. छिद्रांच्या रांगेला लागून गडद पट्टे उमटले असतील तर टँक फार जोराने हलवला गेला. बारीक, गोल, पारदर्शक ठिपके दिसले तर फिल्मवर बुडबुडे चिकटून राहिले होते, टँक हलकेच आपटायचा राहून गेला. नखाएवढी चंद्रकोर दिसली तर अंधारात रीळवर चढवताना फिल्म मुडपली. दुधट झाक राहिली असेल तर हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, पुरेसा वेळ गेला नाही. एका पट्टीत इतके वाचता येते. जाणत्या परीक्षकाला हे करायला पाच-सात मिनिटे पुरतात, आणि उमेदवाराने पाठ केलेल्या कोणत्याही उत्तराने ती पट्टी बदलत नाही.

ही परीक्षा इथल्या हवापाण्यावर बेतलेली हवी. फिल्मच्या डब्यावरचे कोष्टक 20 अंश सेल्सिअस गृहीत धरते. एचपी 5 प्लस ही फिल्म डी-76 या डेव्हलपरमध्ये 20 अंशांना साधारण साडेसात मिनिटे धुवायची असते. सोलापुरात उन्हाळ्यात टाकीतले पाणी 30 अंशांच्या वर जाते. त्या तापमानाला वेळ चार मिनिटांच्या खाली येतो, आणि पाच मिनिटांहून कमी वेळात फिल्मवर सगळीकडे सारखे काम होईल याचा भरवसा राहत नाही. मग विद्यार्थ्याला काय काय करता यायला हवे? बर्फाच्या पाण्यात टँक ठेवून तापमान उतरवणे, डेव्हलपर पातळ करून वेळ वाढवणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात फरक पडू न देणे, कारण एकदम गरम-गार झाले की जिलेटिनचा थर बिघडतो. पाण्याचेही तसेच. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास निगेटिव्ह धरून ठेवणे इथे परवडणारे नाही. टँक भरून 5 वेळा उलटा-सुलटा करायचा, पाणी ओतून पुन्हा भरून 10 वेळा, पुन्हा भरून 20 वेळा, या पद्धतीने तीन टँक पाण्यात रोल नीट धुतला जातो. दुष्काळी जिल्ह्यातल्या परीक्षा केंद्रावर हीच पद्धत शिकवावी आणि हीच तपासावी.

यासाठी तीन श्रेणी असाव्यात असे मला वाटते.

पहिली श्रेणी निगेटिव्हची. केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला एकाच प्रकारचा कृष्णधवल रोल द्यावा. दुपारपर्यंत ठरलेले विषय टिपायचे : भर उन्हातला रस्ता, सावलीतला चेहरा, हलणारी माणसे, खिडकीतून येणाऱ्या उजेडातली खोली. दुपारनंतर तो रोल तिथेच धुऊन वाळत घालायचा. सोबत एक वही, प्रत्येक फ्रेमचे छिद्र, शटर आणि त्यामागचे कारण लिहिलेली. निम्मे गुण रोलला, निम्मे वही आणि तोंडी परीक्षेला. कॅमेरा कोणता आहे यावर एकही गुण नको.

दुसरी श्रेणी प्रिंटची. काँटॅक्ट शीट, टेस्ट स्ट्रिप, कागदाच्या ग्रेडची निवड, डॉजिंग, बर्निंग, स्पॉटिंग. यातली मुख्य कसोटी अशी असावी : एकाच निगेटिव्हचे तीन प्रिंट काढायचे आणि तिन्ही शेजारी ठेवल्यावर सारखे दिसले पाहिजेत. एखादा सुंदर प्रिंट नशिबानेही निघतो. तीन सारखे प्रिंट काढायला आपण किती सेकंद, कुठे आणि का दिले हे हाताला माहीत असावे लागते. त्याचबरोबर प्रिंट नीट धुतला गेला की नाही, हेही पाहावे. प्रिंटच्या कडेवर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब टाकला की हायपो उरला असेल तिथे तपकिरी डाग पडतो. हा थेंब परीक्षकाने उमेदवाराच्या डोळ्यांदेखत टाकावा.

तिसरी श्रेणी जाणत्यांची. इथे उमेदवाराने डेव्हलपर तराजूवर तोलून स्वतः तयार करावा. एक लिटर डी-76 ला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम लागते. आधी काय विरघळवायचे आणि का, हा तोंडी परीक्षेतला उत्तम प्रश्न आहे : सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, म्हणून मेटॉलचा मान पहिला. याच श्रेणीत जुन्या निगेटिव्हची ओळख असावी. काच, नायट्रेट, ॲसिटेट, पॉलिस्टर यांत फरक कसा करायचा, व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागलेली ॲसिटेट फिल्म बाकीच्यांपासून वेगळी का ठेवायची, नायट्रेट घरात सापडली तर काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही. आणि शेवटी, उमेदवाराने परीक्षकांसमोर एका नवख्याला रीळवर फिल्म चढवायला शिकवावे. ज्याला शिकवता येते त्यालाच ही श्रेणी मिळावी.

जतनाचा मुद्दा मी हौसेने घातलेला नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सुरुवातीच्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 2015 पासून फिल्म-जतनाच्या कार्यशाळा घेऊन या कामाला माणसे तयार करायला सुरुवात केली. स्थिर छायाचित्रांकडे तसे लक्ष अजून गेलेले नाही. जिल्ह्याजिल्ह्यातल्या जुन्या स्टुडिओंत, वाड्यांत, संस्थांच्या कपाटांत काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्ह पडून आहेत. स्टुडिओ बंद होतो तेव्हा त्या भंगारात जातात. एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला त्या वाचवाव्याशा वाटल्या तरी कोणाला बोलवायचे? तिसऱ्या श्रेणीची यादी आपल्या कार्यालयात असली, तर या प्रश्नाला जिल्ह्यागणिक चार-पाच नावे मिळतील, आणि त्या चार-पाच जणांना कामही मिळेल.

ही कला शिकवण्याची परंपरा इथे नवी नाही. 1839 मध्ये पॅरिसला दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि पुढे मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झालेले हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले. म्हणजे जग ही विद्या शिकू लागले त्याला वीस वर्षे होण्याच्या आतच मुंबईत तिचा वर्ग भरत होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. 1960 मध्ये केंद्र सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी उभी केली आणि तिची ‘इंदू’ फिल्म देशभरच्या कॅमेऱ्यांत गेली. तो कारखाना आता बंद आहे. ती फिल्म धुणारे हात मात्र अजून आहेत.

त्या हातांविषयी मला आपल्याशी विशेष बोलायचे आहे. या कलेचा इतिहास कागद नसलेल्या माणसांनी घडवला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा 1913 चा चित्रपट दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी केले, घरातल्या आणि कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून. त्यांच्या त्या कौशल्याला त्या वेळी कोणते प्रमाणपत्र असणार? आज आपल्या गावात चाळीस-चाळीस वर्षे स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत काढलेल्या माणसांची स्थिती तीच आहे. मी एका ज्येष्ठ डार्करूमवाल्यांना विद्यार्थ्यांसमोर शिकवायला बोलावले होते. हायपो चालतो की संपला हे कसे ओळखायचे, असे एका मुलाने विचारले. त्यांनी रोलच्या सुरुवातीचा वाया जाणारा तुकडा कापला, उजेडातच हायपोत टाकला, तो पारदर्शक होईपर्यंतचे सेकंद मोठ्याने मोजले आणि म्हणाले, ‘याच्या दुप्पट वेळ रोल ठेव. मोजताना दम लागला तर हायपो ओतून दे.’ मुलांना जे पुस्तकातून उमगले नव्हते ते दोन मिनिटांत उमगले. नंतर संस्थेकडे त्यांच्या मानधनाचा अर्ज भरला, तेव्हा शैक्षणिक पात्रतेचा रकाना रिकामा आहे म्हणून तो परत आला. त्या संस्थेतल्या माणसांची इच्छा होती, त्यांचा नियम आडवा आला.

केंद्राच्या कौशल्य योजनेत आधीच अंगी असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची ‘आरपीएल’ नावाची सोय आहे. तिचेच तत्त्व इथे लावावे. साठी ओलांडलेल्या डार्करूम कामगाराला लेखी परीक्षा नको, फी नको. अर्धा दिवस त्याच्या हातात एक रोल आणि एक निगेटिव्ह द्या, काम पाहा, चार प्रश्न विचारा आणि योग्य ती श्रेणी द्या. यातूनच आपले पहिले परीक्षक मिळतील. तरुणांसाठी परीक्षा सुरू होण्याआधी या ज्येष्ठांना मान्यता मिळावी, हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे.

काही शंका आपल्यासमोर येतील, त्यांना इथेच उत्तर देते.

पहिली शंका, कलेला परीक्षेच्या चौकटीत बसवावे का. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचे उदाहरण आपल्या घरातले आहे. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या पायऱ्यांनी गाणे घराण्यांबाहेरच्या मुलामुलींपर्यंत नेले. विशारद झालेला प्रत्येक जण मैफलीचा गवई झाला नाही. गावोगाव शिकवणारे आणि कान असलेले श्रोते मात्र तयार झाले. डार्करूमलाही आज शिकवणारे आणि निगेटिव्ह वाचणारे हवे आहेत.

दुसरी शंका खर्चाची. सुटा रोल महाग आहे, हे खरे. पण 100 फुटांच्या फिल्मच्या डब्यातून 36 फ्रेमचे 18 रोल भरता येतात आणि सुटी रसायने तोलून केलेला डेव्हलपर तयार पाकिटापेक्षा स्वस्त पडतो. केंद्रांनी साहित्य एकत्र खरेदी केले आणि कॅमेरे सामायिक ठेवले, तर ग्रामीण विद्यार्थ्यालाही ही परीक्षा देता येईल. आज ही कला पैसेवाल्यांच्या हौसेपुरती उरू लागली आहे, म्हणूनच सरकारी परीक्षेची गरज आहे.

तिसरी शंका पर्यावरणाची, आणि ती मला सर्वांत रास्त वाटते. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ती मोरीत सोडणे चूक आहे. प्रत्येक केंद्रावर वापरलेला हायपो झाकणाच्या कॅनमध्ये साठवावा. पोलादी लोकरीतून तो गाळला की लोखंड द्रावणात जाते आणि चांदी मागे राहते. रुग्णालयांच्या एक्स-रे विभागांतला हायपो चांदीसाठी नेणारे व्यावसायिक शहरोशहरी आहेत. त्यांच्याशी केंद्राने करार करावा. कॅनची नोंदवही नसेल तर त्या केंद्राची मान्यता काढून घ्यावी, इतका हा नियम कडक असावा.

आपल्याकडून सुरुवातीला तीनच गोष्टी हव्या आहेत. एक, अभ्यासक्रम ठरवायला छोटी समिती : त्यात डार्करूममध्ये आयुष्य घालवलेली व्यक्ती असावी, कलाशिक्षक असावा आणि जतनाचे काम करणारी व्यक्ती असावी. दोन, कुलूपबंद डार्करूम असलेल्या कला महाविद्यालयांची पाहणी, आणि त्यांतल्या निवडक खोल्या परीक्षा केंद्र म्हणून उघडण्याचा आदेश. तीन, ज्येष्ठांना मान्यता देऊन झाली की पहिल्या श्रेणीची प्रायोगिक परीक्षा एका हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आमच्याकडचे पाणीही 20 अंशांच्या आसपास असते. शाळांना सक्ती नको, नवी इमारत नको, मोठी तरतूदही नको. माझ्या वर्गातले विद्यार्थी पहिल्या परीक्षेला बसतील. केंद्र चालवायला, रोल भरून द्यायला, कॅनची नोंद ठेवायला मी तयार आहे, आणि इतर जिल्ह्यांतही असे तयार असलेले शिक्षक आपल्याला सापडतील.

ज्यांना ही कला येते ते सत्तरीत आहेत आणि ज्यांना ती हवी आहे ते विशीत आहेत. आज त्यांना एका खोलीत आणणे आपल्या एका परिपत्रकाने होऊ शकते. पंधरा वर्षांनी ते कोणत्याही परिपत्रकाने होणार नाही. म्हणून ही विनंती याच वर्षी विचारात घ्यावी.

आपली नम्र,
छायाचित्रणाची एक शिक्षिका,
सोलापूर